उघडा गळा

मंगळवार, लेस्टर

शेजारच्या सुषमाताईंचं मंगळसूत्र काल मंदिराच्या वाटेवर कुणीतरी हिसकावलं. मानेवर लाल वळ उठलाय. तो वळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

नागपूरहून दादा फोनवर म्हणाला, "एखादं स्वस्तातलं पिस्तूल घेऊन ठेव." हे हसले, "अगं, इथे इंग्लंडात चोराआधी तूच आत जाशील!" मग पर्समध्ये घरच्याच तिखटाची पुडी टाकली, खर्च नको म्हणून. ह्यांनी तीही काढायला लावली. तोही गुन्हाच म्हणे.

मग उरलं काय? आज मंगळसूत्र देव्हाऱ्यात ठेवून मंदिरात गेले. हे धडधाकट असताना! देवा, चुकलं का माझं? आरतीत हात सारखा गळ्याशी जात होता. सहज आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. निम्म्याजणींच्या गळ्यात काहीच नव्हतं. कधीपासून, ते विचारवलं नाही.