आमच्या ओसरीवरचे महाराज

तेर,
रविवार

प्रिय कुमार,

परवा तू ग्रुपवर टाकलेला फोटो बघितला आणि त्याखाली लिहिलेलं कौतुकही वाचलं. उत्तर दिलं नाही, कारण जे तोंडात आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. फोन केला असता तर ‘हो ताई, बघतो ताई’ करून तू ठेवून दिला असतास. ती तुझी खोड मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून हा कागद. हे उद्या हैदराबादला येतायत, त्यांच्याच हाती देतेय. ते बसलेत तोवर पूर्ण वाच, घडी करून निकिताकडं सरकवू नकोस, बायकोनं वाचून सांगायचं पत्र नाही हे.

फोटोचं मग बोलते. आधी आमच्या महाराजांची गोष्ट ऐक. माझे सासरे, गोरोबाआप्पा, तुला माहीतच आहेत. पन्नास वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस. आधी शिवी, मग काम, मग चहा, असा त्यांचा क्रम. माझ्या लग्नात तुझ्या बुटांवरून त्यांनी तुला काय सुनावलं होतं ते तू विसरला नसशील. मागच्या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे धरले. मग आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर ढोकीच्या गिऱ्हाइकाला सगळी मेंढरं विकली आणि त्यांना सांगितलं, आप्पा, लई कष्ट केले, आता आराम करा. त्यांना विचारलं का? छे. म्हाताऱ्या माणसाला विचारायची पद्धत कुठं आहे आपल्यात!

दोन महिन्यांत आप्पांचं बोलणं थांबलं. संध्याकाळची भाकरी सुटली. पहाटे तीनला उठून बसायचे आणि उजाडलं की तेरणा नदीच्या डोहाकडं जायचे, पाण्याकडं बघत बसायचे. वीतभर अक्कल असलेल्या गावानं विचारलं असतं, या माणसाला झालंय काय? पण आमचं गाव पडलं संतांचं. शेजारच्या मथुराबाईनं जाहीर केलं, आप्पाला वैराग्य आलंय. महालिंगप्पा मास्तरांनी तर पुरावेच मांडले: मौन धरलंय, एकभुक्त राहतात, ब्राह्ममुहूर्त चुकत नाही. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं या माणसानं! झालं, दहावीची पोरं पेपरला जाताना आप्पांच्या पायावर डोकं ठेवायला लागली. नारळ यायला लागले. बायाबापड्यांना म्हाताऱ्याचा उपवास दिसला, त्याचं धोतर कमरेवर ठरत नव्हतं ते एकीलाही दिसलं नाही.

मग एक दिवस आप्पांनी अंगावरचं घोंगडं उतरवलं आणि गल्लीतल्या कोंडीरामला देऊन टाकलं. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं, ज्याला मला हात लावू द्यायचे नाहीत, ते घोंगडं. महालिंगप्पा मान डोलवत म्हणाले, “बघा, काडीचा मोह ऱ्हायला न्हाय.” आणि तुझी ताई? लोक येतात म्हणून मी ओसरीवर सतरंजी अंथरली. जमलेल्या नारळांची बर्फी केली. घरात कटकट नाही, शिव्या नाहीत, माणसं नमस्कार करतायत, मला तर बरंच वाटत होतं. गावाला हसते आहे खरी, पण गावातली पहिली गाढव मीच.

कारण मी नर्स आहे. उपकेंद्रात मी लोकांना व्याख्यानं देते. याच उन्हाळ्यात आम्हाला साठीपुढच्या माणसांसाठी प्रश्नांचे फॉर्म आले होते: झोप लागते का, भूक लागते का, मन उदास असतं का. गावातल्या शंभरावर म्हाताऱ्या माणसांना मी समोर बसवून विचारलं. आप्पांचा फॉर्म मात्र चहा पिता पिता स्वयंपाकघरात मीच भरला. झोप चांगली, भूक बेताची, उदास नाही. घरचंच माणूस, त्याला काय विचारायचं? अंगठा राहिला म्हणून साहेबांनी तेवढा एकच फॉर्म परत पाठवला. मी साहेबांना मनात भरपूर शिव्या दिल्या आणि शाईचा पॅड घेऊन ओसरीवर गेले. अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून भराभरा वाचत सुटले. शेवटचा प्रश्न होता, जगून काही उपयोग नाही असं वाटतं का?

आप्पा म्हणाले, “वाटतं की. दिवाळीपासनं वाटतंय. रोज डोहापातूर जातो आन माघारी येतो.” मी शाईचा पॅड खाली ठेवला. मग ते म्हणाले, “समदे पाया पडत्यात गं पोरी. तोंडाकडं कुणीच बघंना.”

कुमार, मी ओसरीवर, पाया पडायला आलेल्या सगळ्यांदेखत रडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, गुडघे बघितले आणि मग तासभर नुसतं ऐकलं. म्हणाले, वयानं केस पिकतात; जगण्यावरून मन उडतं ते वयानं नाही, तो आजार आहे आणि औषधानं बरा होतो. तीन-चार आठवडे लागतील, तोवर एकटं सोडू नका, गोळी मनानं बंद करू नका. गावात ओरड झाली, सुनेनं महाराजांना वेड्याच्या गोळ्या चालू केल्या! मथुराबाईनं महिनाभर अबोला धरला. तेवढाच कानाला विसावा. यांनी चार मेंढरं आणून दारात बांधली. सहाव्या आठवड्यात आप्पांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “ह्यो चहा हाय का मेंढराचं मूत?” असं बोलणं मी कौतुकानं ऐकेन असं कधी वाटलं नव्हतं. परवा त्यांनी कोंडीरामच्या दारात जाऊन घोंगडं परत मागितलं. गाव हळहळतंय, एवढी तपश्चर्या वाया गेली म्हणून.

आता तुझा फोटो. निकिताच्या हातात आईच्या पाटल्या, आणि खाली तू लिहिलंयस: ‘आई आता किती शांत झालीय, कशाची तक्रार नाही, जेवणसुद्धा एकवेळ, आपणहून पाटल्या काढून दिल्या.’ चौऱ्याऐंशी जणांनी हात जोडलेत त्याला. अरे शहाण्या, आपली आई शांत? भाजीवाल्याशी तासभर भांडल्याशिवाय जिला अन्न गोड लागत नव्हतं, ती? आप्पांना डोह होता, आणि तू सातव्या मजल्यावर राहतोस. हे नुसतं पत्र द्यायला आलेले नाहीत, आईला न्यायला आलेत. धाराशिवच्या त्याच डॉक्टरांकडं गुरुवारचा नंबर लावलाय. तिची पिशवी भर, आज रात्री तिच्या खोलीत झोप, आणि झोपण्याआधी समोर बसून फॉर्ममधला तोच शेवटचा प्रश्न विचार, जो मी चहा पिता पिता टाळला होता. पाटल्या निकितानं पुन्हा तिच्या हातात घालाव्यात. घालताना दोघांनीही तिच्या तोंडाकडं बघा.

तुझ्यावर आणि स्वतःवर सारखीच चिडलेली,
तुझीच,
शिवकन्याताई