आपला राक्षस हसत नाही

प्रिय अण्णा,

काल जत्रा झाली. तुमच्याविना पहिलीच. माझे दोन्ही गुडघे सोलपटलेत, मानेवर दोरीचा वळ उठलाय आणि आई सकाळपासून हळद लावता लावता मला शिव्या घालतेय. हे सगळं ज्याला सांगावं असा माणूस एकच, आणि तो नेमका गेल्या पावसाळ्यात कायमचा निघून गेला. म्हणून लिहायला बसलेय. राक्षसाचं सोंग काल मी घेतलं, अण्णा.

रागावू नका. आधी नीट ऐका.

जत्रेत पुराणातली सोंगं निघतात, आणि कुठलं सोंग कुणाच्या घरात हे पणजोबांच्याही आधीपासून ठरलेलं. देव वरच्या आळीला, वीर तरण्या पोरांत आलटून पालटून, आणि राक्षस आपल्याकडं. कागदाच्या लगद्याचा आणि मेथीच्या पिठाचा तो भलामोठा मुखवटा वर्षभर कडुनिंबाच्या पाल्यात, पत्र्याच्या पेटीत झोपलेला असायचा. एकदा त्याचं डावं शिंग मोडलं. जुन्नरच्या दुकानात विहिरींच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचं काम तुम्ही करायचात, तिथली उरलेली तांब्याची तार आणलीत आणि शिंगाला अशी गुंडाळलीत की उन्हात ते सोन्याचं वाटायचं. निरगुडसरची आत्या दरवर्षी बायकांना सांगायची, "माझा भाऊ पडतो कसा, त्ये बघा."

मला मात्र लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? शाळेत मला 'राक्षसाची पोरगी' म्हणायचे. बाकांवरून पोरं दात विचकून दाखवायची.

त्यात टीव्ही आला. रविवारी अख्खी आळी एका घरात दाटीवाटीनं बसायची. तिथला राक्षस असा गडगडाटी हसायचा, की पडदा हलायचा. गावातली पोरं तुमच्या मागं लागली, "अण्णा, औंदा तसं हसा की राव."

तुम्ही शिंगाची तार घासत म्हणालात, "आपला राक्षस हसत न्हाई. त्याला ठावं हाये, आज आपन मरनार. तरी तो येतो. हसायचं काय त्यात?"

मी तुम्हाला म्हटलं होतं, एकदा तरी वीर व्हा ना. आठवतंय? तुम्ही म्हणालात, "वीर कुनीबी व्हतं गं. नीट पडायला लई वर्षं लागत्यात."

मी फुरंगटून बसले. सातवीतली मी, मला काय कळणार होतं.

त्याच वर्षी ते झालं. वीर होता वरच्या आळीचा सुनील. महिनाभर तुम्हीच त्याला ढाल-तलवार शिकवलेली. रीत त्यालाही माहीत होती: राक्षस पाराच्या उगवतीला, देवळाकडं डोकं करून पडतो. वीर हत्यार खाली ठेवतो, त्याच्या पाया पडतो आणि हाताला धरून त्याला उठवतो. वीरानं उठवल्याशिवाय राक्षसानं हलायचं नाही, मुखवटा काढायचा नाही. पण सुनीलच्या डोक्यात टीव्ही शिरला होता. तुम्ही पडलात, त्यानं तलवार वर केली, दोस्तांनी त्याला खांद्यावर घेतला आणि वाजतगाजत निघाले की सगळे! मागोमाग माणसं कुस्त्यांकडं पळाली.

आणि तुम्ही तिथंच. चैत्रातलं ऊन, तापलेली फुफाट्याची जमीन, डोक्यावर तो मुखवटा. आई माणसं शोधत पळाली. दोनचार म्हातारे "पोराला बोलवा, पोराला बोलवा" करत उभे राहिले. रीत मोडून तुम्हाला उठवायचं कुणाच्या मनात येईना. कुणी पाणीसुद्धा दिलं नाही.

मी कुठं होते? चिंचेखाली काकणवालीचं पाल असतं ना, दरवर्षी त्याच जागी, त्याच्या आडोशाला. शाळेतल्या पोरी सोबत होत्या. त्यातली एक म्हणाली, "ते तुझे वडील ना गं?" मी म्हटलं, "नाही. चुलते."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी सुनीलच्या आईनंच त्याला बखोट धरून ओढत आणला. त्यानं हात दिला, तुम्ही उठलात, मुखवटा काढलात. मानेची सालटी निघाली होती. मला वाटलं, आता याच्या कानफटात बसणार. तर तुम्ही काय म्हणावं? "ढाल जरा उंच धरत जा. मला घाव घालाया जागाच गावत न्हाई." एवढंच! मला सुनीलपेक्षा तुमचाच राग आला.

तो राग मी बरीच वर्षं सांभाळला. अवसरीच्या शाळेत शिक्षिका झाल्यावर मुलांचं नाटक बसवलं, त्यात सगळा ओतला. माझ्या नाटकात राक्षस भला, रानाची राखण करणारा, आणि वीर कपटी. शेवटी वीरच आडवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होतात. मला वाटलं, आज अण्णांचे पांग फेडले.

एसटीची वाट बघताना तुम्ही म्हणालात, "लई ग्वाड झालं. पोरांनी झ्याक केलं." आणि एसटी दिसल्यावर, "पर तू वीराला राक्षस केलास. त्यो पडला तवा त्याला उठवलं कुनी?"

मी आठ दिवस धड बोलले नाही तुमच्याशी. माझ्या कौतुकात तुम्ही मिठाचा खडा टाकलात असं वाटलं. थोडं गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं, अण्णा?

तुम्ही गेल्यावर जत्रेची बैठक बसली. राक्षस कुणी घ्यायचा? चुलतभावाला मुंबईहून सुट्टी नाही. कुणी म्हणालं, पुण्यावरून प्लास्टिकचा मुखवटा आणू, भाड्यानं माणूस आणू. मी उठून म्हटलं, "सोंग आमच्या घरचं आहे. मी घेणार." सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक म्हातारबा म्हणाले, "बाईमानूस चारचौघांपुढं आडवं पडनार व्हय?"

आणि सुनील उभा राहिला. आता दुधाची गाडी चालवतो, पोट सुटलंय, दोन पोरांचा बाप आहे. म्हणाला, "पडू द्या. आन औंदा वीर मी घेतो. माझं एक उरलंय."

तर काल मी पडले. तुम्ही पडायचात तशीच, आधी उजवा गुडघा, मग खांदा, मग डोकं देवळाकडं. आत मेथीचा आणि तुमच्या घामाचा वास होता. हसले नाही. डोळ्यांच्या फटीतून काय दिसतं ते बघितलं.

त्या फटीतून देऊळ दिसत नाही. लोक दिसत नाहीत. चिंच दिसते, आणि काकणवालीचं पाल. आडोशासकट, लख्ख.

म्हणजे तुम्ही मला बघितलं होतंत. पडल्या पडल्या, तेवढा सगळा वेळ. आणि त्या दिवशी घरी आल्यावर मला विचारलंत, "काकनं घेतलीस का न्हाई?" मी नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी हिरवी काकणं घेऊन आलात. त्यावर एक शब्द नाही. शेवटपर्यंत नाही.

मुखवट्याच्या आत मी ढसाढसा रडले. बाहेर कुणाला कळलं नाही. मग सुनीलनं तलवार खाली ठेवली, सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं टेकवलं आणि मुखवट्याच्या कानाशी हळूच म्हणाला, "अण्णा, त्या साली चुकलो व्हतो." मला नाही, तुम्हाला म्हणाला. मग त्यानं हात दिला. मी उठले. आत्या बायकांना ओरडून सांगत होती, "माझ्या भावाची पोरगी हाये ती!"

नाटक मी पुन्हा बसवतेय. वीर पडतो तिथंच संपत नाही आता. राक्षस परत येतो, वाकतो आणि त्याला हाताला धरून उठवतो. जत्रेतलं सोंगही मीच घेणार, गुडघे आहेत तोवर. आणि पाराजवळ कुणीही पडलेलं असू दे, अण्णा, मी पालाआड उभी राहणार नाही. कुणी विचारलं, तो तुझा कोण, तर खरं सांगेन.

तुमचीच,
राक्षसाची पोरगी