टेपचे अकरा फेरे

आणि हो अप्पा, टेपचे तीन फेरे पुरतात, हे तुमचं खरंच होतं. आज सकाळी परत सिद्ध झालं. सर्जापूर रोडवरच्या नव्या घरात किचनचा नळ मी स्वतः बसवला. प्लंबर रोज कन्नडमध्ये "नाळे, नाळे" म्हणायचा आणि त्याचं ते 'उद्या' काही उजाडेना, मग मीच पाना घेतला. तीन फेरे, आट्यांच्या दिशेनं, पहिला आटा मोकळा सोडून. आधी हातानं फिरवला, मग पान्यानं थोडंसं. नळाचं तोंड बरोबर खाली आलं तिथे थांबले. मग पाणी सोडलं आणि खाली कोरडा पेपर पसरून अर्धा तास बघत बसले. एक थेंब नाही! इतका आनंद झाला की आईला हाक मारून तो कोरडा पेपर दाखवला. आई म्हणाली, "बरं झालं तू बसवलास. तुझे अप्पा असते तर आत्तापर्यंत फोडला असता." आणि हसली. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी तो जोक घरात चालूच आहे. मीही हसले. आणि मग स्वस्थ बसवेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपलं ते भाड्याचं घर, वर ओनर अक्का, खाली आपण. लोखंडी पाइप गंजले म्हणून अक्कांनी प्लास्टिकचे आणून दिले, "तुम्ही फॅक्टरीत हेच करता, मग बाहेरचा माणूस कशाला?" म्हणाल्या. आनेकलच्या फॅक्टरीत तुम्ही वीस वर्षं लोखंडी पाइप जोडलेले. आट्यांवर ताग गुंडाळायचा, वर सफेदा फासायचा आणि मग अंगातला सगळा जोर. आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, फिटिंगबरोबर आलेला इंग्लिश कागद दोनदा वाचून एकदम तयार! "अप्पा, प्लास्टिकला ताग चालत नाही. तो भिजून फुगतो, फिटिंग चिरतं. टेप लावायची." तुम्ही ती पांढरी टेप बोटांत धरून आईला दाखवलीत. "बघ गं, तुझ्या लेकीच्या वेणीची रिबन. ही म्हणे पाणी अडवणार!" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला विचारूनच करा. तिला इंग्लिश येतंय."

आणि तुम्ही खरंच मला विचारून केलंत. कागदावरचं चित्र माझ्याकडून समजून घेतलंत, "तीन फेरे दे, बास," म्हणालात आणि गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला गेलात. मी एकटी, हातात पितळी नळ. टेप इतकी पातळ की मला तिचा भरवसाच वाटेना. तीननं काय होणार? चार दिले, पाच दिले, मग हात थांबेचना. अकरा फेरे झाले, अप्पा. मोजून अकरा.

तुम्ही खाली आलात, नळ प्लास्टिकच्या एल्बोत, त्या वाकड्या जोडात, घालून फिरवायला लागलात. तो अर्ध्यातच अडला, तोंड भिंतीकडे. तुम्ही थांबलात. "एवढा घट्ट का येतोय गं?" आणि मी म्हणाले, "नवीन आहे ना अप्पा, म्हणून." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि पाना लावून नळाचं तोंड खाली आणलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पूर्ण जोरात आलं आणि एल्बो उभा चिरला. मला ते किचन आत्ताही दिसतंय. आई ज्वारीचं पोतं ओढतेय, मी दारात बादली घेऊन उभी, आणि तुम्ही फुटलेल्या जागी टॉवेल दाबून धरलाय. अक्का जिन्यावरून खाली येतात. "अय्यो, काय हो हे? स्वल्प हळू फिरवायचं नाही का?" आणि तुम्ही म्हणता, "माझीच चूक, अक्का. लोखंडाची सवय. हात जड पडला." मी बादली घेऊन तशीच उभी. अकरा फेऱ्यांचं सांगत नाही. नंतर तुम्ही नळ सोडवलात, आट्यांकडे क्षणभर बघितलंत आणि सगळं फडक्यात गुंडाळून नेलंत.

तेव्हापासून तुम्ही जड हाताचे झालात. आई चहाचा कप पुढे करतानाही, "सांभाळून, फुटेल हं," म्हणायची आणि तुम्ही दोन्ही पंजे पुढे करून हसायचात. पुढच्या रविवारी नवा एल्बो आणलात, तेव्हा मात्र टेप माझ्याच हातात दिलीत. "लाव तू." आणि शेजारी बसून मोठ्यानं मोजलंत, "एक, दोन, तीन. बास." मी विचारलं, "पुरेल?" तर म्हणालात, "कागदावर लिहिलंय की. मला कुठं इंग्लिश येतंय?" आपण ते घर सोडेपर्यंत तो नळ कोरडा होता.

तुम्ही गेल्यावर तुमची हत्यारांची पेटी मी घेतली. तळाशी ते फडकं होतं. आत चिरलेला एल्बो आणि आट्यांवरून सोलून काढलेला टेपचा जाड गोळा. म्हणजे तुम्हाला एल्बो चिरला त्याच दिवशी कळलं होतं. मी पेटीपाशी बसून रडले, आणि खरं सांगायचं तर रडताना मला बरंही वाटत होतं. कुणीतरी आपल्याला इतकं ओळखून होतं, आणि तरी पुढच्या रविवारी टेप आपल्याच हातात दिली.

हा कागद घडी करून त्याच फडक्यात ठेवणार आहे, एल्बोशेजारी. आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यावरही सात वर्षं तिच्या जोकवर हसतेय, आज सकाळीसुद्धा हसले. आत्ता ती किचनमध्ये आहे, नळ चालू-बंद करून बघतेय, तुमच्या हातांची आठवण काढून एकटीच हसतेय. जाऊन सांगू का तिला? की तिचं ते हसणं तसंच राहू दे? तुम्हाला काय वाटतं, अप्पा?