तीन मजली भंगार पाडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
अनधिकृत बांधकाम निर्मूलन विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय: अर्जदाराची अनधिकृत इमारत आजच्या आज पाडून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) स्वच्छता विभागाची कचरा हटवण्याची नोटीस.
२) त्या नोटिशीविरुद्ध अर्जदाराने केलेला अर्ज, जो दुर्दैवाने मंजूर झाला.

महोदय,

१. अर्जदार भंगाराचा व्यवसाय करतो. गेल्या वर्षी धातूंचे भाव कोसळले. अशा वेळी या धंद्यात दोनच गोष्टी करता येतात: माल पडत्या भावात विकून दुकानाला कुलूप लावायचे, किंवा स्वस्तात घेत राहायचे, तांबे, पितळ, अॅल्युमिनियम वेगवेगळे करायचे आणि भाव वर येण्याची वाट पाहायची. फेरीवाल्याला एकदा "आज माल नको" म्हटले की तो उद्यापासून दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून अर्जदाराने घेणे थांबवले नाही आणि विकणे सुरू केले नाही. परिणामी ढीग कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या दंतवैद्यांच्या खिडकीत डोकावू लागला.

२. दंतवैद्यांनी तक्रार केली. दात काढून घ्यायला आलेला माणूस समोर गंजलेल्या पकडी पाहून खुर्चीतून उठून जातो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. त्यावरून स्वच्छता विभागाने आठवड्याच्या आत कचरा हटवण्याची नोटीस दिली. त्या भावात माल विकला असता तर ट्रकचे भाडेही सुटले नसते.

३. येथे अर्जदाराच्या मेहुण्याने सल्ला दिला. तो म्हणाला, "भाऊजी, कचरा लगेच उचलतात. इमारत मात्र सुनावणीशिवाय कुणाचा बाप पाडू शकत नाही. लिहून द्या, ही इमारत आहे म्हणून." अर्जदाराने तसे लिहून दिले. खाली सही केली.

४. आपले निरीक्षक टेप घेऊन आले. त्यांनी तळमजला (धुलाई यंत्रे), पहिला मजला (सायकली व खाटा) आणि दुसरा मजला (पंखे व कूलर) अशी नोंद केली. जिना कुठे आहे असे विचारताच अर्जदाराने लोखंडी शिडीकडे बोट दाखवले. पंख्यांमुळे "वायुवीजन समाधानकारक" असा शेरा मिळाला. बाहेर आलेल्या बाथटबची बाल्कनी म्हणून वेगळी आकारणी झाली. इमारत अनधिकृत ठरली, पण सुनावणी होईपर्यंत "जैसे थे" ठेवण्याचा आदेश निघाला. त्या दिवशी अर्जदाराने मेहुण्याला मिठी मारली होती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

५. त्यानंतर घरपट्टी आली. एक नवविवाहित जोडपे दुसरा मजला भाड्याने मिळेल का विचारून गेले. त्यांना बाल्कनी पसंत होती. दंतवैद्यांनी तक्रार मागे घेतली, कारण शेजारी तीन मजली इमारत झाल्याने त्यांच्या जागेची किंमत वाढली. वाढली नव्हती ती फक्त अर्जदाराच्या मालाची.

६. महोदय, काल तीही वाढली. तांबे असे चढले की कारखान्याने आपण होऊन ट्रक पाठवला. अर्जदार हर्षभराने ढिगाकडे गेला आणि त्याने एक पितळी नळ उचलला. आपल्या विभागाने नेमलेल्या पहारेकऱ्याने लगेच शिट्टी वाजवली आणि "इमारतीत विनापरवाना फेरबदल" अशी नोंद केली. नळ परत ठेवावा लागला. तोंड डावीकडे होते की उजवीकडे यावर पाऊण तास वाद झाला.

७. अर्जदाराने कार्यालयात येऊन हे भंगारच आहे असे शपथेवर सांगितले. खिडकीवरील लिपिक म्हणाले, "सही तुमचीच ना? मग राहा की सुखानं." घरी पत्नी म्हणाली, "माझ्या भावाला अक्कल नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही ती उसनी कशाला आणलीत?" ट्रकचालक दर तासाला विचारतो, "शेठ, भंगार भरायचंय की इमारत? भंगार असेल तर माणसं लावा, इमारत असेल तर मी निघतो." संध्याकाळी तो खरोखरच निघणार आहे. कारखान्याने भाव आजच्यापुरताच बांधून दिला आहे. हा ट्रक रिकामा गेला तर वर्षभराची वाट पाहणे वाया जाऊन अर्जदाराचे दुकान बंद होईल.

८. तरी अर्जदार सुनावणीचा हक्क सोडून देत आहे. सदर इमारत पूर्णपणे बेकायदा, धोकादायक व कुरूप आहे, हे त्यास मान्य आहे. ती तात्काळ पाडावी व राडारोडा अर्जदाराच्या ताब्यात द्यावा.

९. आपल्या पाडकामाच्या यंत्राच्या पंजाचे दात तुटले असून नवा पंजा येण्यास चार महिने लागतील, असे आपल्या विभागाकडून तोंडी कळले. याबाबत नम्रपणे कळवितो की, तशाच यंत्राचा सर्व दात शाबूत असलेला पंजा अर्जदाराच्या तळमजल्यावर, डावीकडून तिसऱ्या धुलाई यंत्रामागे आहे. तो काढण्यापुरता "जैसे थे" आदेश दहा मिनिटे उठवावा. पंजा अर्जदार आपल्या विभागास फुकट देईल, तोही वजन न करता. भंगारवाला एखादी वस्तू वजन न करता देतो आहे, यावरून प्रसंगाची निकड साहेबांच्या ध्यानी यावी.

आपल्या आदेशाची फाटकात उभ्याने वाट पाहणारा,

(सही)
भंगार व्यावसायिक, तूर्त इमारतमालक

दिनांक: आजचाच. उद्याचा चालणार नाही.

सोबत:
१) पंजाचे छायाचित्र (पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली, हात न लावता काढलेले).
२) घरपट्टीची पावती, बाल्कनीसह.
३) मेहुण्याचे यापुढे सल्ला न देण्याचे हमीपत्र. त्यावर त्याने सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला मागितला आहे, म्हणून ते मागाहून सादर करण्यात येईल.