हाडाचं वांगं

माय, आक्का परवा नांदेडला आली होती आणि तिनं जे केलं ते तुला सांगावं म्हणून हा कागद पुढे ओढला आहे. फोनवर कुणाला सांगण्यासारखं ते नाही. सांगितलं तर समोरचा म्हणेल, बरं, मग? तू तसं म्हणाली नसतीस. तू हातातलं काम ठेवून विचारलं असतंस, "काय म्हणली? नीट सांग, जशी म्हणली तशी सांग."

नीटच सांगायचं तर आधी तुझ्या काठवटीपाशी जावं लागतं, आणि मला जायचंच आहे. या वयात मला मागं जायला एवढंसं निमित्त पुरतं. लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या पुढची ती वर्षं. अहमदपूरच्या स्टँडवर माणसं चहा पिता पिता एकमेकांना सांगत, आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले बाबा. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, आणि त्या खुर्च्यांवर आपल्यातलीही शिकलेली पोरं जाऊन बसत होती. पाऊस तेवढा जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखा. लागोपाठ सालं कोरडी गेली होती, आपल्या वस्तीची विहीर तळाला लागली होती आणि टँकर आला की भांडी माणसांच्या आधी पळायची. अशा दिवसांत, शिमगा नुकताच झालेला असताना, नव्या कचेरीतला एक कारकून आक्काला बघायला येणार असं ठरलं. आक्काचं वय त्या काळाच्या मानानं थोडं पुढं गेलं होतं. आधीचं एक स्थळ फिरून गेलं होतं. हे गेलं तर पुढं काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणजे सगळे तेच बोलत होते.

मी तेव्हा कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होतो आणि अंगात शाळेतल्या कविता भरलेल्या. वसंत म्हटलं की मला आम्रमोहोर, कोकिळा आणि कुठून तरी दक्षिणेकडून येणारा सुगंधी वारा एवढंच दिसायचं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून मी दारात उभा राहून तेच पुटपुटतोय, आणि तू चुलीपासून ओरडतेस, "तुज्या कवितेत चिगूर हाय का रे?" मी म्हणतो, नाही. "मग जा, चिंचेवर चढ आन् घिऊन ये. कोवळा बगून आन. थोराड आनलास तर तुलाच चारीन." पाणी नसलं तरी चिंचेला पालवी फुटायची तेव्हा फुटतेच. मी ओंजळभर चिगूर आणला, वाऱ्यानं पडलेल्या बारक्या कैऱ्या आणल्या. ज्यांच्या रानात तू खुरपायला जायचीस त्यांच्या विहिरीखाली थोडा उशिरा पेरलेला हरभरा होता. त्या घरच्या बाईनं तुला ढाळे दिले आणि दोन गाजरंही दिली. आपल्या न्हाणीच्या सांडपाण्यावर तू एक हातभर वाफा जगवला होतास. त्यातले मुळे आणि कांद्याची पात तू त्या दिवशी उपटलीस. उपटताना तुझा हात थबकला होता. मी बघितलं होतं.

मग तू भाकरीचं पीठ मळायची काठवट घासून पुसून कोरडी केलीस. घरात पाहुण्यांपुढं मांडावीत अशी ताटं नव्हती आणि शेजारून मागायची नव्हती. त्या लाकडी काठवटीत तू मांडत गेलीस. कडेला मुळ्याच्या उभ्या फोडी, गाजराच्या लांब चिरा, पातीची जुडी, सोललेले हिरवे हरभरे. कैरीच्या पातळ कापा मीठ-तिखट लावून. चिगूर, लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, चुलीच्या कडेला उभ्या करून कडक केलेल्या भाकरीचे चतकोर. रंगाशेजारी रंग बसवताना तू मान तिरकी करून बघायचीस, पुन्हा उचलायचीस, पुन्हा ठेवायचीस. मला वाटलं, हिला कुणी शिकवलं हे? मधली जागा तू मोकळी ठेवली होतीस. बा दारातून आत आला, त्याला ती जागा दिसली आणि तो दचकला.

"ते मडकं भाईर काडायचं न्हाई हां," बा म्हणाला. "पाव्हणे क्वार्टरातले हायत."

"क्वार्टरात काय दात काडून ठिवतेत का?" तू म्हणालीस.

मडक्यात चान्या होत्या. हिवाळ्यात बाजारच्या दिवशी आणलेलं बोकडाचं मटण, तू त्याच्या लांब पट्ट्या कापल्यास, मीठ-हळद चोळलीस आणि अंगणात दोरीवर वाळत घातल्यास. कावळे हाकायला मी खाटेवर बसून होतो, मांडीवर कवितांचं पुस्तक. आता मडक्यात तळाशी थोड्याच उरल्या होत्या. तू त्या निखाऱ्यावर भाजल्यास, वरवंट्यानं ठेचून मऊ केल्यास, कडकडीत तेलात लसूण टाकून वरून ओतलंस आणि काठवटीच्या मधोमध ठेवल्यास. साऱ्या घराला वास सुटला. बा बाहेर जाऊन उभा राहिला, जणू तो वास त्याच्या घरातून येतच नव्हता.

पाहुणे आले. नवरामुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मामा शाळेवर मास्तर होते, कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं भाषणासारखं. जयभीम झाला, पाणी झालं. पाणी तू लोटीभर दिलंस आणि त्यांनी घोटभरच प्यायलं, दुष्काळात माणसं एवढी रीत पाळायची. मग काठवट मध्ये आली. मामांनी हिरव्यावरून नजर फिरवली, ती मधोमध येऊन थांबली.

"हे काय हाय?"

माझ्याआधी, तुझ्याआधी बा बोलून बसला, "वाळलं वांगं. वाळलं वांगं हाय, गुरुजी."

तू बाकडे पाहिलंस. ती नजर मी पुढे कुठल्याच कवितेत वाचली नाही. मुलाची आई तेवढ्यात एक तुकडा तोंडात टाकून चावत होती. चावता चावता थांबली, ओठातून एक बारकंसं हाड काढलं, बोटांत धरून उजेडात बघितलं आणि बाला म्हणाली, "दादा, म्या लई वांगी खाल्ली, पन हाड असलेलं वांगं आजच खाऊन राहिले." आतल्या खोलीतून आक्काचं हसू फुटलं. मुलगाही हसला. मामा हसले नाहीत.

ते बाला म्हणाले, "आपन हे सोडलं पायजे. किती दिवस हेच धरून बसनार?"

तू पदर सावरून पुढं आलीस. "मेलेल्या ढोराचं न्हाई ते गुरुजी. खाटकाकडून पैशे मोजून आनलेलं बोकड हाय."

"असंल. पन वाळवायची रीत तीच की, बाई. शेजारीपाजारी सगळ्या समाजाचे लोक राहतेत. वास गेला की नाव निघतंय. मुलगी पसंत हाय, पन आमच्या घरी आली की हे बंद."

बा लगेच म्हणाला, "बंदच समजा." तू काहीच म्हणाली नसतीस तर तिथंच सुपारी फुटली असती आणि सगळे सुखानं उठले असते. तू म्हणालीस, "लेक देते गुरुजी. तिची जीभ काय हितंच काडून ठिवू?"

त्या एका वाक्यावर आक्काचं आयुष्य टांगलं होतं, माय. मी कैरीच्या कापांकडे बघत राहिलो. मामा उठायच्या बेतात होते. मुलाच्या आईनं काय केलं, तर काठवट दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढली आणि भावाला म्हणाली, "तू नको खाऊस. तुजा वाटा मी खाते." मग पोराकडं वळून, "तू काय बगून राहिलास? पातीसंगं खा, चांगलं लागतंय." त्यानं कांद्याची पात घेतली, तिच्यात एक तुकडा गुंडाळला, चिगुराच्या ठेच्यात बुडवला आणि खाल्ला. ठसका लागला. आतून आक्का म्हणाली, "पानी दे रे कुनीतरी." ठरलं.

इथंच संपलं असतं तर मी कधीच याची कविता केली असती. पण आक्का लातूरला क्वार्टरमध्ये गेली, आणि मामांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भिंतीला भिंत. आक्काच्या सासूनं चान्या भाजल्या की खिडक्या लावायची वेळ यायची. शेजारणीनं एकदा विचारलं, वास कशाचा? आक्काच्या तोंडून बाचाच शब्द निघाला, वाळलं वांगं. मग ते घरातलं नावच पडलं. दाजी कचेरीतून येऊन विचारायचे, आज वांगं आहे का? एक शेजारीण तर पाककृती मागायला आली होती म्हणे. आम्ही पोटभर हसलो. तू हसली नाहीस.

आक्कानं पोस्टकार्ड टाकलं, माय, थोडं वाळलं वांगं धाड. कार्ड उघडं, येता-जाता कुणीही वाचणार, म्हणून तेच नाव. मी तुला वाचून दाखवलं. तू उठलीस, बाजारातून वांगी आणलीस, चिरलीस, उन्हात वाळवलीस आणि पिशवीत भरून लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिलीस.

"माय, वांगं म्हंजे चान्या की. तुला कळतंय ना?"

"मला न्हाई कळत. मी अडानी. लेकीनं जे मागितलं ते धाडलं."

दरवर्षी कार्ड यायचं, दरवर्षी वांगी जायची. घरी आली की आक्का तुझ्या हातच्या चान्या खायची, तूही मांडीला मांडी लावून भरवायचीस. पण जाताना पिशवीत बांधून दिल्या नाहीस. "नाव घिऊन माग, मडकं रिकामं करते," एवढंच म्हणायचीस. आक्का म्हणायची, "तुला काय जातंय माय म्हनायला? तितं मला राहायचं हाय." दोघींचं बरोबर होतं, आणि मी मधे बसून दोघींकडे बघत असायचो. तू गेलीस त्या वर्षीही, त्याच्या आधी थोडे दिवस, वांग्याची पिशवी गेलेली होती. आक्कानं ती वांगी पुढं कितीतरी दिवस शिजवली नाहीत. दाजींनी मला हे सांगितलं, तिनं नाही.

आता परवाचं. आक्काची नात इथं नांदेडला नोकरी करते. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणी-मित्रांना जेवायला बोलावलं आणि एक लांबट लाकडी फळी मांडायला घेतली. त्याला ती काहीतरी फ्रेंच नाव सांगत होती, माझ्या जिभेवर ते बसेना. वसंतातल्या ताज्या भाज्या हव्यात म्हणून काकडी, गाजर, लाल मुळे, कोवळे मटार, सोबत चीज आणि पाकिटातून काढलेले मांसाचे गुलाबी काप, गुंडाळी करून फुलासारखे. पोरगी मान तिरकी करून बघायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. मी आक्काकडं पाहिलं तर ती आधीच माझ्याकडं बघत होती. नात म्हणाली, "आजी, तूपण काहीतरी ठेव की, आपल्याकडचं." आक्का उठली, आपल्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. लातूरच्या गच्चीवर तिनं स्वतः वाळवल्या होत्या. मला सांगितलंही नव्हतं. गॅसवर भाजल्या, ठेचल्या, लसणाचं तेल ओतलं आणि त्या गुलाबी फुलांच्या शेजारी ठेवल्या.

पाहुणे आले. चांगली, बोलकी पोरं. एका मुलीनं काट्यानं एक तुकडा उचलून विचारलं, "आजी, हे काय आहे?"

माय, मला वाटलं आता येणार, वांगं येणार. इतक्या वर्षांची जीभ आहे ती. आक्कानं त्या मुलीकडं नाही बघितलं. ती फळीकडं बघत म्हणाली, "चान्या हायत."

"म्हणजे?"

"मटण वाळवून करतेत. आमच्याकडं पयल्यापासून करतेत. माज्या मायच्या हातच्या याच्यापेक्षा बऱ्या लागायच्या." आणि मग जरा मोठ्यानं, जणू पलीकडच्या खोलीत कुणाला ऐकू जावं म्हणून, "चान्या."

मुलीनं खाल्लं, म्हणाली मस्त आहे, आणि दुसऱ्या विषयावर गेली. तिच्यासाठी तेवढंच होतं. आक्का स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी मागं गेलो तर म्हणाली, "तिला सांगायला पायजे होतं रे." म्हणून तुला सांगतोय. जशी म्हणाली तशीच सांगितली. आता तुझं मडकं रिकामं करायला हरकत नाही.

पत्र इथं संपवून घडी घालायला हवी, पण घालवत नाही. आयुष्यभर मी पोरांना मराठी शिकवली, त्यांच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घाला लाल खुणा केल्या, आणि 'चान्या' हा तुझा शब्द मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिला. वर सगळीकडे मी 'न' काढला आहे. तो 'न' की 'ण' ते मला ठाऊक नाही, माय. कुठल्या पुस्तकात तो शब्द मला दिसला नाही, आणि मी कधी कुणाला विचारलंही नाही.