एकशेदहा टक्के

अकोला, ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणालीस पार्वताआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मले आताशा निम्मंच ऐकू येते, म्हणून लिहून राहिली. शुक्रवारी तू मांडे खायले आली अन् कॉलेजातल्या रसायनाच्या प्रयोगात एकशेदहा टक्के आल्याचं बोलली, तवापासून माझे पाय जमिनीले लागत नाहीत. शंभरातून एकशेदहा! गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या माणिकबाईले दोन जास्त देल्ले, तिनं तोंडात नाही घातले. तिची रागिणी तुझ्याच टेबलावर ना? वजन चुकवलं म्हणून सरांनी तिले सर्वांसमोर झापलं, पोरगी रडून राहिली म्हणे. तू तिले समजाव, माय. तुले सारं जमते.

आत्यावर माया असू दे.
तुझी पार्वताआत्या

अमरावती, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास प्रणालीचा शि. सा. न.

पेढे कावून वाटले वं आत्या! ते मार्क नव्हते. हिशेबानं जेवढी पावडर बनायला पाहिजे, त्याच्या किती टक्के हाती आली, ते असते. दहा ग्रॅम बनायची होती, माझी अकरा भरली. शंभराच्या वर गेलं म्हणजे गडबडच. सरांना वाटलं, दोघींचा कच्चा माल रागिणीनं तोलला, तिनंच जास्त टाकला. पण गडबड माझी होती. पावडर वाळवायची राहिली होती अन् मले अकोल्याची बस धरायची होती. ओलीच तोलली, वाळली म्हणून सांगितलं. तिले बोलणी बसली तेव्हा मी बॅग भरून राहिली होती. तू किती टक्के विचारलं, मी आकडा सांगितला, तू हरखली, अन् माझी जीभच उचलली नाही. वर मांडा मागून खाल्ला. लाज वाटते आत्या. सरांना सांगायचं धाडस होत नाही.

रागाव, पण टाकू नको.
प्रणाली

अकोला, १७ फेब्रुवारी

चि. प्रणालीस आशीर्वाद, अन् एक धपाटा.

वल्ल्या मिरच्या सुक्या म्हणून तोलते का कोणी? अन् माझ्याच मांड्यांपायी तू बस धरली, हे मले खाऊन राहिलं. माणिकबाईले सारं सांगून आली. तिनं डब्यातले ते पेढे काढून माझ्या हातावर ठेवले. तू सरांजवळ जाय. आजच जाय.

तुझीच,
पार्वताआत्या

अमरावती, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

सांगितलं. सरांनी सर्वांसमोर डबीत बंद राहिलेली तीच पावडर वाळवून तोलायला लावली. सात ग्रॅम भरली, सत्तर टक्के. रागिणीची माफी मागितली, ती ठीक आहे म्हणाली. टेबल बदललं नाही तिनं. फक्त मी काही तोललं, की ती काटा शून्यावर आणते अन् पुन्हा तोलते. मी बाजूला उभी राहते.

जमलं तर पहिल्यासारखीच माया कर.
तुझी प्रणाली