तलावाच्या पाच फेऱ्या

ता. ९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटून बघितलं असशील. सगळे जिवंत आहोत, काळजी करू नकोस. माझी नोकरी तीच, दातांच्या प्रयोगशाळेत. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे?

आमच्याकडची मोठी बातमी म्हणजे तुझे मेहुणे धावू लागले. हसू नकोस. बावन्नाव्या वर्षी, यांच्या विमा कंपनीतली शाखाधिकारीण बाई यांच्याहून लहान असून शर्यतीत पदक घेऊन आली, तेव्हा यांच्या पोटात दुखलं. दहा किलोमीटर तासाच्या आत, असा पण केला. मग खरेदी. बूट, मोजे, छातीला बांधायचा पट्टा, घामाची पट्टी, आणि झोप किती लागली हे सांगणारं घड्याळ. झोप लागली की नाही हे या माणसाला घड्याळ सांगतं!

इथे तलावाभोवती दोन किलोमीटरचा रस्ता आहे. पाच फेऱ्या, फेरीला बारा मिनिटं, असा हिशोब. हे साडेतेरा घेत. मी पाण्याची बाटली धरून उभी. दर फेरीला येऊन तोंड न पुसता सांगायचे, "आज वारा उलटा होता." गोल रस्त्यावर, ताई. वारा पूर्ण फेरीभर उलटा.

एक दिवस म्हणाले, "नुसती उभी राहून आखडशील, जरा चाल." म्हणून चालले. मग कंटाळा आला म्हणून पळाले. जुने कापडी बूट, ओढणी कमरेला. तिथे एक निवृत्त पी.टी. मास्तर रोज येतात, सगळे त्यांना शिट्टी म्हणतात. त्यांनी मला थांबवलं. "बाई, तुमचं घड्याळ कुठंय?"

"नाही."

"माझ्याकडे आहे. साडेअकरात आलात."

मी इकडेतिकडे बघितलं. हे अजून पलीकडच्या काठाला होते. ताई, मी काय केलं असेल? पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. हे जवळ आल्यावर मी बाहेर आले, बाटली घेऊन, जागची हललेच नाही अशी. असं मी चार महिने केलं. रोज पळायचं आणि रोज लपायचं. चोर तरी काहीतरी घेऊन पळतो.

शर्यतीत नाव घालते म्हटल्यावर हे उदार झाले. "घाल की. तुझंही मन रमेल. फक्त माझ्या मागे राहा, वेग मी ठरवतो."

सहा किलोमीटर राहिले मागे. यांची पाठ बघत. इतकी ताजीतवानी मी घरकाम करतानाही नसते. सातव्याला यांच्या पोटरीत गोळा आला. कमरेवर हात ठेवून चालायला लागले. आजूबाजूने म्हाताऱ्या निघून जात होत्या.

मी विचारलं, "अहो, मी पुढे होऊ?"

"शाखेतले सगळे शेवटाला उभे आहेत," हे म्हणाले. "काय दिसेल ते?"

मग मीही चालले. एक तास एकवीस मिनिटं. शेवटच्या कमानीखालून हे एक पाऊल पुढे, मी एक पाऊल मागे, अगदी फोटोत यावं असं. ती शाखाधिकारीण विचारायला आली, काय झालं साहेब? तर हे हसून म्हणाले, "हिच्यामुळे थांबावं लागलं हो. नाहीतर तासाच्या आत होतो."

आणि मी मान डोलावली. वर म्हणाले, "हो ना, मला सवय नाही."

शिट्टी शेजारीच होते, वाटेत सगळं पाहून आलेले. "गोळा कुणाच्या पायात आला होता?" एवढंच विचारून निघून गेले. यांची कीव मला वर्षानुवर्षं येत आली आहे, ती पचते. पण घरी येऊन आरशात स्वतःकडे बघितलं तेव्हा जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. भावजींना सोडून तू सुटकेस घेऊन माझ्या दारात आलीस, तेव्हा तुला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाठीमागे हे वर्तमानपत्र वाचत होते, आणि ते ऐकतायत हे मला माहीत होतं. मी मोठ्याने म्हणाले होते, "नवऱ्यापेक्षा मोठा पगार घेऊन मिरवायची काय गरज होती? थोडं मागे राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" तू पाठ फिरवलीस. जिना उतरताना सुटकेस दोनदा आपटली. मी दार लावून यांना चहा दिला. हे म्हणाले, "बरोबर बोललीस," आणि ताई, मला बरं वाटलं होतं.

मागच्या रविवारी शिट्टींना त्यांचं घड्याळ लावायला सांगितलं. हे पाच मिनिटं आधीच निघाले होते. तिसऱ्या फेरीत यांची पाठ दिसली. वेग कमी झाला आपोआप, पायांना सवयच तशी. मग तुझी ती पाठ आठवली, जिना उतरणारी. मी बाजूने निघून गेले. मागून आवाज आला, "अगं, हळू! पडशील!" वळून बघितलं नाही.

सत्तावन्न मिनिटं पन्नास सेकंद.

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. घरात इतकं छान शांत आहे की काय सांगू. कालपासून यांनी घड्याळही काढून ठेवलंय. गुडघा दुखतो म्हणे.

पुढच्या महिन्यात तुझ्या शहरात शर्यत आहे. मी एकटीचं नाव घातलंय. आदल्या दिवशी पोहोचेन. राहायची सोय करता येईल, पण आधी तुझ्या दारात येईन. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. घेतलं नाहीस तर जिना नीट उतरेन, तुला दोष देणार नाही.

तुला दाराबाहेर ठेवलेली,
तुझी धाकटी